बेचव माती

अण्णा कुठल्याही बागेत शिरले, की झाडांकडे आधी बघतच नसत. ते खाली बसत. ठिबकच्या नळीतून जिथे थेंब पडतो तिथे मातीवर वाळून पांढरी खपली धरते, ती नखानं उचलत आणि सरळ जिभेवर ठेवत. मग डोळे मिटून, आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघावं तसे क्षणभर गप्प राहत. थुंकून, चूळ भरून झाली की बागेच्या मालकाकडे असे बघत, की त्या माणसाला आपण काहीतरी चोरून केलंय असंच वाटावं.

माझी आणि त्यांची पहिली भेट अशीच झाली. त्यांच्या मुलीशी, विद्याशी लग्न करायचं म्हणून मी त्यांना भेटायला निघालो होतो. त्यांनी मला यशवंतपूरच्या घरी बोलावलं नाही. सर्जापूर रोडच्याही पुढे, नव्या इमारतींच्या क्रेन जिथे संपतात तिथे त्यांची सफरचंदाची बाग होती, तिथे बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, मिठाईचा पुडा घेऊन उभा, आणि हे गृहस्थ उकिडवे बसून माझ्या तळहातावर मातीची खपली ठेवतायत.

"चाखा," ते म्हणाले.

मला वाटलं, यांच्याकडे मुलगा बघायची हीच पद्धत असेल. चाटलं. तोंड वेडंवाकडं झालं.

"कसं लागतं?"

"खारट. आणि कडू."

"खरं बोललात. ह्याच्या आधी एक स्थळ आलं होतं, ते 'छान आहे' म्हणाले." मग हात झटकत उठले. "ही उन्हाळ्याची शिल्लक. पाऊस झाला की धुऊन जाईल. माती बरी असली ना, अळियंद्रे, की जिभेला काही कळत नाही. चव लागली की समजायचं, आपण खत जास्त घातलं."

अळियंद्रे म्हणजे जावईबापू. लग्न ठरायच्या आधीच त्यांनी मला ते नाव देऊन टाकलं. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात होतं, की घरातल्या मराठीत कन्नड कुठे संपतं आणि मराठी कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या बोलण्याला मात्र ते 'पुण्याची मराठी' म्हणत. मी नागपूरचा आहे हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगत राहिलो. "तेच ते," ते म्हणायचे, "सगळं वरचंच."

माणूस गोड होता असं म्हणवत नाही. हॉटेलात कॉफीत साखर जास्त पडली की ते वेटरला सोडून थेट आत भटारखान्यात जाऊन ओरडत. एका लग्नात त्यांनी मांडवातल्या कुंड्या उपसून मुळं बघितली होती, आणि मुलीकडच्यांनी ते आजतागायत विसरलेलं नाही. आपल्याला कळतं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, आणि समोरच्याला कळत नाही याबद्दल तर अजिबातच नव्हती. पण आपण चुकलो तर ते सगळ्यांसमोर, तितक्याच मोठ्या आवाजात सांगत. एवढ्यासाठी मी त्यांच्या बाकीच्या तऱ्हा पोटात घातल्या.

त्यांची सगळी नोकरी एका खत कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. शेतकरी मातीच्या पिशव्या घेऊन यायचे आणि अण्णा त्यांना सांगायचे, अजून स्वल्प घाला. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलोपार्जित तुकड्यावर सफरचंद लावलं, तेही नव्या पद्धतीनं: बुटकी झाडं, एकमेकांना खेटून, तारांवर बांधलेली, आणि पाणी-खत सगळं नळीतून. बंगळुरात सफरचंद म्हटल्यावर लोक हसले. इथल्या थंडीत झाडाला झोप लागत नाही, म्हणून त्याला जबरदस्तीनं निजवावं लागतं: पाणी तोडायचं, मग हातानं एकेक पान काढायचं. संत्र्याच्या झाडाला ताण देतात हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, त्यामुळे मी तेवढ्यापुरता हसलो नाही. त्यांच्या नजरेत माझी किंमत थोडी वाढली ती त्यामुळेच.

पहिल्या बहाराची गोष्ट ते स्वतःच सांगायचे. लोकांना दाखवून द्यायचं म्हणून त्यांनी झाडांना युरिया आणि पोटॅश भरभरून पाजलं. पानांवर काळोखी आली, फळ मुठीत मावेना असं झालं. यशवंतपुरातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांकडे टोपल्या गेल्या. आठवड्याभरात फळांच्या सालीवर तपकिरी खड्डे उमटले, आत गर बुचासारखा आणि कडू. अण्णांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, टोपली घेऊन परत आली आणि दारातूनच म्हणाली, "माधवा, तुझ्या फळांना देवी आल्या काय रे?"

"कीड नाही ती, अक्का," अण्णा म्हणाले होते. "मी केलं ते."

मला समजावताना ते बसचं उदाहरण देत. "मुळाशी गर्दी असते, अळियंद्रे, मॅजेस्टिक स्टँडवरच्या बससारखी. पोटॅश दांडगं. कोपर मारून आधी चढतं. कॅल्शियम बिचारं भिडस्त, ते स्टॉपवरच राहतं. मातीत असतं, पण फळापर्यंत पोचतच नाही. मग फळ आतून मरतं. बाहेरून बघा, कसं लालबुंद!" त्या टोपलीतली डागाळलेली फळं त्यांनी फेकू दिली नाहीत. रोज एक कापून खाल्लं, सगळी संपेपर्यंत.

त्यानंतर त्यांच्या तोंडात एकच शब्द बसला: साकु. पुरे. खताच्या टाकीशी उभ्या नंजम्माला साकु, पानात वाढणाऱ्या विद्याला साकु, लांबलेल्या भाषणाला पहिल्या रांगेत बसून साकु. नंजम्मा बागेची सगळी कामं बघायची. ती सांगायची, की ह्या माणसाच्या तोंडून मी 'अजून' असं कधी ऐकलं नाही. आम्ही हसायचो. हा शब्द एक दिवस घरात कुणाला ऐकवणार नाही, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असतं?

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग धाप लागायला लागली, मग एका डॉक्टरनं शांतपणे सांगितलं की एक दिवसाआड डायलिसिस, आणि खाण्यापिण्याचं पथ्य. केळं नको, शहाळं नको, मीठ नको. पोटॅशियम वाढतं. अण्णा डॉक्टरसमोर खो खो हसले. "जन्मभर पोटॅश खपवलं, आता मलाच बेडा म्हणतात, नको म्हणतात." सफरचंद मात्र थोडं चालेल म्हटल्यावर त्यांनी विद्याकडे असं बघितलं, जणू ही सोय त्यांनीच करून ठेवली होती.

ते आमच्या फ्लॅटवर राहायला आले. विद्यानं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसचं काम घरून करायला घेतलं. पाणीसुद्धा मोजून. दिवसाचं पाणी एका स्टीलच्या लोट्यात भरलेलं असे आणि ते घोटाघोटानं पुरवून प्यायचे. जेवणाला चव नाही म्हणायचे. बिनमिठाचंच जेवण ते, त्याला कसली चव, म्हणून आम्ही कुणी त्याचा जास्त विचार केला नाही.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी, डायलिसिस केंद्रावर जायला गाडी काढायच्या वेळी, ते सोफ्यावरून उठलेच नाहीत. "साकु, विद्या," म्हणाले.

विद्या हातातली पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. तिची आई ती कॉलेजात असताना गेली होती. त्यानंतर तिला जे काही होतं ते हा एक माणूस आणि ती बाग. डायलिसिस थांबवलं तर काय होतं हे तिघांनाही माहीत होतं.

"या वर्षीचं फळ बघा," ती म्हणाली. "फळ बघेपर्यंत काही बोलायचं नाही. मग बोलू."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

सौदा ठरला तो असा. पानं काढायच्या दिवशी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून बागेत नेलं. तिथून ते आम्हाला हुकूम सोडत होते. "निधान, हळू! ओढायचं नाही. वाकवून बघायचं, सुटत असेल तर घ्यायचं. ओढलंस तर पुढच्या फुटीचा डोळाही सोलून निघतो." मी इतकी पानं फाडली, की त्यांनी मला बादल्या उचलायच्या कामावर बदललं. त्या दिवशी ते खूश होते. फुलं आली तीही त्यांनी पाहिली. नंतर मात्र पायांत जोर राहिला नाही आणि बाग त्यांच्यापासून तुटली. विद्या दर शनिवारी एकटीच जाऊन यायची आणि मोबाइलवर फोटो दाखवायची: फळ धरलंय, फळ वाटाण्याएवढं झालंय, बोराएवढं झालंय. अण्णा फोटो मोठा करून बघायचे. "पानं काळी दिसतात गं," एकदा म्हणाले. ती म्हणाली, फोन तसा दाखवतो.

ऊन तापल्यावर त्यांनी हट्टच धरला, आणि आम्ही त्यांना घेऊन गेलो. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. बोअरवेल धापा टाकत होती आणि टँकरचं पाणी चाललं होतं. अण्णा माझ्या खांद्यावर भार देऊन पहिल्या ओळीशी आले आणि खाली बसले. बसायलाच केवढा वेळ लागला. नखानं खपली उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"सरी आहे," ते म्हणाले. चेहरा खुलला होता. "काही लागत नाही. चांगलं ठेवलंयस, विद्या."

मीही सवयीनं वाकलो, चिमूटभर उचललं आणि चाटलं. जीभ भाजल्यासारखी झाली. पहिल्या दिवशी चाखलं होतं ते याच्यापुढे काहीच नव्हतं. मी विद्याकडे बघितलं. ती तारेचा खांब धरून दुसरीकडे बघत होती.

मी गप्प राहिलो असतो. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मला मोडवत नव्हता. पण त्यांना उठवताना त्यांचा हात एका फांदीला लागला आणि पान हातात आलं. पानाची कड करपलेली होती, भाजलेल्या पापडासारखी. त्यांनी पान उलटंपालटं केलं. शेजारच्या झाडाकडे बघितलं, मग पूर्ण ओळीकडे. पुन्हा खाली बसले. पुन्हा खपली जिभेवर ठेवली आणि या वेळी डोळे उघडेच ठेवले.

"अळियंद्रे," ते म्हणाले, "तुम्ही चाखलंत ना आता? पहिल्यांदा भेटलो तेव्हा खरं बोलला होतात."

"खारट आहे, अण्णा," मी म्हणालो. "फार."

ते खालीच बसून राहिले. तोंडातली माती थुंकायचंही विसरले होते. "म्हणजे जीभ गेली," स्वतःशीच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "काय काय घातलंस, विद्या?"

विद्यानं सांगितलं. नंजम्मा नको नको म्हणत असताना दर शनिवारी टाकीत जास्तीचा युरिया, जास्तीचं पोटॅश. "फळ चांगलं यावं म्हणून," ती म्हणाली. "इतकं चांगलं यावं की तुम्हाला पुढच्या वर्षीचंही बघावंसं वाटेल." सगळं तिला माहीत होतं. बस, दांडगं पोटॅश, कडू फळ, हे ऐकतच ती मोठी झाली होती. तरीही तिनं घातलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. साखरेसाठी भटारखान्यात घुसणारा माणूस, इथे एक शब्द बोलला नाही. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताची माती तिच्या केसांना लागली.

"धुऊन काढायला गोडं पाणी लागतं, ढीगभर," ते नंतर म्हणाले. "ते नाही. ह्या झाडांना आणि मला, दोघांनाही पाणी मोजून. पाऊस येईपर्यंत झाडं तगवायची असली तर त्यांच्यावरचं ओझं उतरवायला हवं. फळं काढ. सगळी."

"नाही," विद्या म्हणाली.

"झाडं मरतील गं."

"मरू देत. फळं राहू देत. तुम्ही शब्द दिलाय, फळ बघेपर्यंत."

"दिलाय," अण्णा म्हणाले. "म्हणून झाडांच्या जिवावर माझे दिवस वाढवायचे? बेडा. मी लावलीत ती. तू काढ, नाहीतर मी काढतो." आणि खरंच तार धरून उठायला लागले. दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि दोनदा बसले.

मग विद्यानं बादली घेतली. फळं लिंबाएवढी होती, हिरवी, टणक, एका बाजूला नुकता लाल हात फिरलेली. एका टोकाकडून ती, दुसऱ्या टोकाकडून नंजम्मा आणि मी. बादलीत फळ पडल्याचा आवाज तेवढा येत होता. विद्या रडत नव्हती, तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. अण्णा खुर्चीवर बसून प्रत्येक झाड मोकळं होताना बघत होते. शेवटच्या ओळीतलं एक फळ त्यांनी मागून घेतलं, हातात फिरवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

त्यानंतर काही दिवस ते मुकाट्यानं केंद्रावर जात राहिले. मला वाटतं, तिला वेळ देत होते. मग एका सकाळी पुन्हा तसंच, सोफ्यावर. "साकु, विद्या. फळ बघितलं मी."

ती भांडली. डॉक्टरांशी बोलली, अक्काला बोलावून आणलं, माझ्यावर ओरडली की तू काही बोलत का नाहीस. मी काय बोलणार? मलाही त्यांचा राग आला होता, हे कबूल करायला हरकत नाही. मुलीला इतकं दुखवून जायचा हक्क यांना कुणी दिला, असं वाटायचं. दुसऱ्या क्षणी त्यांची ती चव गेलेली जीभ डोळ्यासमोर यायची आणि राग कुठे ठेवावा ते कळेनासं व्हायचं. विद्यानं केंद्रावर न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवली की अण्णा तिच्याकडे नुसते बघत.

शेवटी एका सकाळी तिनं ती पिशवी उचलली आणि कपाटात ठेवून दिली. त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"सरी, अण्णा," म्हणाली.

ते जाणं सोपं नव्हतं. लोक म्हणतात झोपेत जातात, पण झोप यायच्या आधी बरंच काही असतं: अंगाची खाज, धाप, रात्रभरचं कण्हणं. विद्या त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत राहिली. एकदा मी तिला म्हटलं, आता लोटाभर पाणी दिलं तरी काय बिघडतं? तिनं विचारलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. गेले तेव्हा खिडकीत ते हिरवं फळ ठेवलेलं होतं, सुरकुतलेलं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला तो धो धो. वरच्या दोन ओळी तोवर वाळून काड्या झाल्या होत्या, त्या उपटाव्या लागल्या. बाकीच्या झाडांनी नवी पालवी धरली, फिक्या रंगाची, बारीक. विद्या कित्येक महिने बागेकडे फिरकली नाही. नंजम्मा फोन करायची, मी जाऊन यायचो.

पाऊस सरल्यावर ठिबक पुन्हा सुरू केलं, आणि मातीवर पुन्हा खपली धरायला लागली. एका शनिवारी विद्या न सांगता गाडीत येऊन बसली. बागेत शिरल्यावर तिनं झाडांकडे बघितलं नाही. पहिल्या ओळीशी खाली बसली, नखानं खपली उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

पुन्हा एक चिमूट जिभेवर ठेवली. मग घाबरून माझ्याकडे बघितलं.

"काही लागत नाही," ती म्हणाली. "तू बघ."

मी चाखलं.

"मलाही नाही लागत."

"नक्की? खरं सांग."

"नक्की. काहीच चव नाही, विद्या."

तिनं पुढच्या झाडाखालची खपली उचलून चाखली, मग त्याच्या पुढच्या. ओळीच्या शेवटापर्यंत ती तशीच गुडघ्यांवर सरकत गेली, आणि तिथे मातीत बसून, अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं रडली.